गोदामाचं दुसरं उद्घाटन

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने वाचतो, पण लेखकाने लबाडी कुठे केली ते शोधत. इथे लोक लिहितात ते अनुभवही तसेच वाचत आलो. आता माझ्याकडेच एक अनुभव आहे आणि त्यातली लबाडी मला सापडत नाही, म्हणून लिहितोय.

बंदी आलेली, वर्षानुवर्षं पडून राहिलेली कीटकनाशकं नव्या ड्रममध्ये भरून भट्टीत जाळायला पाठवणाऱ्या एका कंपनीत मी सुपरवायझर आहे. गेल्या उन्हाळ्यात वाशिम जिल्ह्यात, रिठदच्या पुढच्या एका गावात, बंद पडलेल्या शेतकरी सहकारी सोसायटीचं गोदाम रिकामं करायचं होतं. मागे बीएचसी पावडरीची फाटकी पोती, दाराजवळ एन्डोसल्फानचे गंजलेले डबे. त्या डब्यांतलं औषध ज्या तेलात कालवलेलं असतं, ते पेट्रोलसारखं पेट घेतं. म्हणून आमची पहिली अट — आवारात आग नाही, विडीसुद्धा नाही.

गावाची अट वेगळी होती. इतकी वर्षं बंद असलेलं दार पूजेशिवाय उघडायचं नाही, आणि उद्घाटन साहेबांच्या हस्ते. साहेब म्हणजे तालुक्याचे पुढारी. कचरा उचलण्याचंही उद्घाटन असतं हे मला तेव्हा कळलं. साहेब आले नाहीत. ऊन चढलं तशी सरपंच कुसुमताईंनी नुसता नारळ फोडून आम्हाला आत सोडलं. आम्ही म्हणजे मी आणि आमचे मुकादम, कारंज्याचे सलीमभाई.

काम रंगात आलं आणि बाहेर डफडी वाजू लागली. साहेब आले होते! उद्घाटन उरकल्याचं कळल्यावर त्यांचा चेहरा पडला असणार, कारण कार्यकर्त्यांनी लगेच तोड काढली... लोखंडी दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि फीत बांधली. साहेबांना ते पुन्हा उघडता यावं म्हणून. आत माणसं आहेत असं कुसुमताई सांगत होत्या म्हणे, पण डफड्यांपुढे कोण ऐकतो?

दाराच्या हादऱ्याने डब्यांची थप्पी कलंडली. वरचे डबे पडून फुटले आणि पिवळसर धार उताराने दाराकडे जाऊन उंबऱ्याखालून बाहेर निघाली. मी फटीला डोळा लावला. पलीकडे आरतीचं ताट, त्यात कापूर, आणि हातात आगपेटी घेतलेला साहेबांचा पीए.

दोघांनी दार बडवलं. व्यर्थ. ओरडायला मी विषारी वाफेसाठी लावलेला मास्क काढू लागलो तर सलीमभाईंनी मनगट धरलं.

"ओरडाले आंधी सास भरसान ना सर... तिथंच पडसान."

पीएने काडी ओढली. पेटली नाही. दुसरी, तिसरी... गुल घासला जायचा, ठिणगी नाही. कुणीतरी म्हणालं, सादळली असन. मग साहेबांनी खिशातून लायटर काढून दिला. खट, खट, खट. काही नाही. लोक कुजबुजू लागले, डफडी एकेक करून थांबली, आणि सलीमभाईंची लाथ दारावर आदळली ती सगळ्यांना ऐकू आली.

"मगापासून सांगून राह्यली, आतमंदी मानसं हायेत," कुसुमताईंचा आवाज. "पयले दार, मंग तुमची फीत." कडी त्यांनीच काढली.

लोकांना लांब पिटाळलं, सांडलेल्यावर वाळू टाकली. नंतर रस्त्यापलीकडच्या टपरीवर पाहतो तर साहेब त्याच लायटरने सिगरेट पेटवत होते. पहिल्याच खटक्यात. पीएची आगपेटी मागून घेतली. काडी भर्रकन पेटली.

केमिस्ट्री शिकलोय. वाफ इतकी दाट की जळायला हवाच उरली नव्हती म्हणावं, तर काडीचा गुल भडकायला बाहेरची हवा लागत नाही. ओल म्हणावं, तर वाशिमचा मे महिना होता. आणि लायटरला काय झालं होतं? देवाने वाचवलं का, असं कुसुमताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "देवाच्या मनात असतं, तं साहेबाले टायमावर आनलं असतं."

मला अजून उत्तर मिळालेलं नाही. फक्त एवढं आठवतं, की फटीशी उभा असताना प्रत्येक काडीला मी काहीतरी पुटपुटत होतो. काय, ते आठवत नाही. सलीमभाई खांद्याला खांदा लावून उभे होते, म्हणून परवा त्यांना विचारलं.

"ऐकू आलं होतं सर," ते म्हणाले. "पन तुमाले नाई पटनार."