राखेतला जोड

आलापल्लीत एका वेल्डरचं काम त्याच्या घराच्या अंगणातच चाले. तो गॅसच्या ज्योतीलाही शिव्या देई. नावेचा नांगर असो की ट्रॅक्टरचा भाग, जोड दिला की तो राखेत पुरून ठेवी आणि गिऱ्हाइकावर खेकसे, "थंडा झाल्याबिगर हात नाई लावाचा!"

एकदा मी चालवायचो त्या ठेकेदाराच्या ट्रॅक्टरचा सागाचे ओंडके ओढायचा दांडा तुटला. ठेकेदाराच्या मुनिमाला घाई होती. जोडलेला दांडा त्याने राखेतून ओढला आणि त्यावर बादलीभर पाणी ओतलं. चौथीत शाळा सोडून साताऱ्याहून इतक्या लांब आलेला मी, नोकरी जाईल म्हणून गप्प राहिलो.

वेल्डरने मात्र घण उचलला आणि एका घावात आपलाच जोड मोडला.

"पागल झाला का बे?" मुनीम ओरडला.

"पाण्यानं जोड ठिसूळ होते! उतारावर असाच तुटला असता, तं ओंडके याच्या अंगावर आले असते. तुह्या नाई!" मग तो माझ्यावर उलटला. "अन् तुले तोंड नाई का? मरायले आला का इथी?"

घर सोडल्यापासून माझ्यासाठी कोणी इतकं चिडलं नव्हतं.

त्याने पुन्हा जोड दिला, राखेत पुरला. संध्याकाळी मुनीम परत आला आणि राखेकडे वाकला. मी आडवा आलो.

"थंडा झाल्याबिगर नाई!"