मोजता येईल असं काही

अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या डीमन गावातल्या आमच्या घरी पहिल्या गणपतीची आरती चालू होती आणि शेजारचे एर्नेस्तोकाका दाराबाहेरचे सगळे बूट-चपला कवटाळून आणून आमच्या बाथटबमध्ये टाकत होते. आमच्याकडे नातं चिकटवल्याशिवाय कुणाला चहा मिळत नाही, म्हणून ‘काका’. एरवी ते मूळचे अर्जेंटिनाचे, सत्तरीचे, विम नावाच्या उंच डच माणसाबरोबर कैक वर्षं संसार केलेले. त्या दिवशी निम्मे पाहुणे दुसऱ्याचे बूट घालून अ‍ॅमस्टेलव्हीनला परतले. मी आठवडाभर डावा माझा, उजवा कुणाचा तरी, असा ऑफिसला गेलो.

“काका, हे काय केलंत?”

“मोजता येईल असं काही बाहेर ठेवू नये, प्रकाश.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तरुणपणी, लष्करी राजवटीत, ते आणि त्यांच्यासारखे काही पुरुष ब्युनोस आयर्समधल्या एका स्वयंपाकघरात जमायचे. पुरुषानं पुरुषावर प्रेम करणं हा आजारही नाही आणि गुन्हाही नाही, एवढंच सांगणारी पत्रकं तयार करायचे. टेबलावर कायम केक. पोलीस आले तर वाढदिवस चाललाय. “एकेका वर्षात मी कितीदा जन्मलोय,” काका हसत सांगायचे. एका पावसाळी संध्याकाळी कुणीतरी ओल्या छत्र्या दाराबाहेर टेकवल्या. समोरच्या बिऱ्हाडानं त्या मोजल्या. राउल नावाचा त्यांचा मित्र पकडला गेला, तो परत आलाच नाही. हे सांगताना मात्र ते हसत नसत.

विमला लग्न करायचं होतं. काका टाळत. साक्षीदार, सह्या, फोटो, कशाला? मी मध्यस्थी करायचं ठरवलं.

“तू नको पडूस,” माधवी म्हणाली. “तू जमवलेली दोन्ही लग्नं आठव.”

मी बायकोचं ऐकतो.

मग विमच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. हॉस्पिटलात नर्सनं काकांना विचारलं, “तुम्ही यांचे कोण?” जुन्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, “शेजारी.” विम समोरच बसला होता. घरी येईपर्यंत ट्राममध्ये तो एकच वाक्य बोलला : “शेजाऱ्याला ते माझ्याजवळ थांबू देणार नाहीत.”

काका तसेच आमच्याकडे आले. माधवीनं केलेले पोहे बराच वेळ चिवडत बसले.

“इथे कुणाला घाबरलो मी?” ते म्हणाले. मग विचारलं, “साक्षीदार किती लागतात?”

“दोन. आम्ही दोघं आहोत की,” माधवी म्हणाली. मध्यस्थी इतकी आटोपशीर असते हे मला ठाऊक नव्हतं.

शस्त्रक्रियेआधी नगरपालिकेत लग्न झालं. विम ठणठणीत बरा झाला. त्यानंतर दोघांना बरीच वर्षं मिळाली, आणि ती त्यांनी मुख्यतः भांडी कुणी घासायची यावर वाद घालण्यात सुखानं घालवली.

काका गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले. अंत्यविधीला विमनं त्या लग्नातला, मी काढलेला फोटो मोठा करून लावला होता. कोपऱ्यात माझा अंगठा, तोही मोठा झालेला.

“दुसरा नव्हता का रे?” मी ओशाळून विचारलं.

“आहेत ना,” विम म्हणाला. “पण त्यांत तो माझ्याकडे बघतोय. यात सरळ समोर, सगळ्यांकडे.”