चार बोटं खाली

समोरच्या घरातले आप्पा आमच्या जागेत आले नाहीत. रस्त्यावरच उभे राहिले. सोबत गावकीतले, म्हणजे गावच्या पंचांतले, दोघे. हातात काठी. ती टेकायची त्यांना गरज नाही, ती दाखवायला असते.

सुभानचाचांनी, म्हणजे माझ्या गवंड्यांनी, नुकत्याच खुंट्या मारून दोरी बांधली होती. जोत्याची दोरी. घराचं जोतं किती उंच येणार ते या दोरीवर ठरतं. आप्पांनी काठीनं चाचांच्या हातातली नळी दाखवली. पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. तिची दोन टोकं दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत थांबतं. गवंडी लेव्हल काढतात ती अशी. आप्पा म्हणाले, एक टोक माझ्या ओटीवर न्या.

चाचांचा मदतनीस रस्ता ओलांडून गेला आणि आप्पांच्या ओटीच्या कडेला नळी धरून उभा राहिला. दुसरं टोक माझ्या खुंटीशी. नळीतलं पाणी वरखाली झालं, मग थांबलं. माझी खूण त्या पाण्याच्या वीतभर वर होती.

"खोड ती," आप्पा म्हणाले. "आमच्या जोत्याच्या चार बोटं खाली घे."

मी विचारलं, का? शिमग्याची पालखी याच रस्त्यानं जाते म्हणाले. "पालखी खालून जायची नि तुमी वर बसायची, ह्ये आजपर्यंत झालेलं नाय."

मी हातातला घराचा नकाशा घट्ट धरून उभी. मजूर थांबलेले. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायकाही थांबलेल्या. आप्पांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

"सोन्याची पोर ना गो तू? मग तुला ह्ये सांगाया लागू नये."

माझ्या बाबांचं नाव सोनू. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. मोजणीच्या ऑफिसात भूकरमापक आहे. तालुक्यात माझ्या खुणांवरून लोकांची भांडणं मिटतात आणि कधी नवी लागतात. आणि मी काय म्हणाले?

मी म्हणाले, "बरं, आप्पा."

चाचांनी अंगठ्यानं जुनी खूण पुसली. नवी काढली. नळीतल्या पाण्यापासून चार बोटं नीट मोजून, खाली.

हे 'बरं' माझ्या तोंडून कोणी ओढून काढलं नव्हतं. ते आपणहून आलं. ढेकर यावा तसं. या गोष्टीचा मला आप्पांपेक्षा जास्त राग आहे, आणि तो कुठे काढायचा ते मला कळत नाही.

आमचं गाव देवरुखपासून तासाभराच्या वाटेवर. वरची वाडी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, रस्त्याला लागून. आमची बौद्धवाडी खाली वहाळाशी, ओढ्याच्या काठी. मध्ये पाखाडी, दगडी पायऱ्यांची वाट. आईचे गुडघे गेले तसं तिचं वर येणं संपलं. दवाखान्यात न्यायचं म्हणजे खुर्चीला बांबू बांधून चौघांनी उचलायची. मागच्या वर्षी तिला अशी वर आणली तेव्हा तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. आजारी माणसाला लाज कसली? पण तिला वाटली. तेव्हाच मी ठरवलं, रस्त्याला लागून घर बांधायचं. आईनं ओटीवर बसायचं, पाय सोडून, आणि दारातून गाडीत बसून जायचं.

मुंबईला कायमच्या गेलेल्या एकाची जागा मिळाली. आप्पांच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे. खरेदीखत झालं, सातबारा झाला, परवानगी झाली. नकाशा मी स्वतः काढला, तीन वेळा. ओटी, माजघर, मागे पडवी, आईच्या खोलीला लागून संडास. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीची चित्रं काढली, हे पहिलं आपलं. चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, तीन थरांचं जोतं धरलं होतं. सड्यावर पावसाचं पाणी अंगणभर फिरतं, त्यामुळे तेवढं लागतंच. हे मला कोणी शिकवायला नको होतं.

आणि तरी बरं म्हणाले.

आमच्याकडे माणसाला जात विचारत नाहीत. वाडी विचारतात. मी मोजणीचं मशीन खांद्यावर घेऊन एखाद्याच्या बागेत पोचले की आधी सरबत येतं. मॅडम बसा, मॅडम ऊन फार आहे. मग गाव कुठलं? गाव सांगितलं की, वाडी कुठली? वाडी सांगितली की बोलणं एकदम कामापुरतं होतं. मॅडम राहतं, बसा जातं. वीस वर्षं मी हे हसण्यावारी नेलं. ऑफिसात नकला करून दाखवायचे. सगळे हसायचे, मीही हसायचे.

बाबा चिरेखाणीत होते. तेव्हा मशीन नव्हती, हातानं चिरा काढायचे. गावातली निम्मी घरं त्यांनी काढलेल्या चिऱ्यांची आहेत. पण मला त्यांचा घाम वगैरे आठवत नाही. मला त्यांची मान आठवते. सड्याच्या उतारावरची घरं, अंगण खोल आणि ओटी उंच. कुणाच्याही घरी निरोप द्यायला गेले की ते अंगणात उभे राहायचे आणि घरमालक ओटीवर बसलेला. बाबांचं डोकं आणि मालकाचे पाय एका पातळीत. बाबा मान वर करून बोलायचे. बोलणं लांबलं की मानेमागे हात नेऊन ती चोळायचे. मी त्यांच्या बाजूला उभी असायचे. मला वाटायचं, मोठ्या माणसांशी बोलायची हीच रीत.

पुढे हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर तिथे रिकामी खुर्ची सोडून बाबा खाली जमिनीवर बसले. मी त्यांच्यावर ओरडले. सगळ्या लोकांदेखत. माझी लाज काढता म्हणाले. बाबा उठून खुर्चीत बसले, अगदी कडेला, कोणी उठ म्हटलं तर पटकन उठता यावं म्हणून. मी त्या दिवशी ओरडायला नको होतं. त्यांना खाली बसवणारं माणूस त्या दवाखान्यात नव्हतंच.

तीन थरांचं जोतं दीड थरावर आलं. अर्धा थर कसा होतो? चिरा मधोमध तासून. चांगला अखंड चिरा, खाणीतून आलेला, धारदार कोपऱ्यांचा. त्याला तासणीनं अर्धा करायचा. दोन दिवस तो आवाज चालू होता. चाचा स्वतः तासत होते, मजुरांना दिलं नाही. मला जवळ बोलावून एवढंच म्हणाले, "बाय, ह्या उंचीला ओल येल. मी सांगतंय ते लक्षात ठेव." मी म्हटलं, चाचा, येऊ दे ओल, भांडण नको. वाडीतले लोकही तेच म्हणत होते. भाऊ फोनवर म्हणाला, ताई, राहायचं तर आहे ना, चार बोटांनी काय होतं? मी पण स्वतःला तेच सांगत होते. शांतता राहील. आईला त्रास नको.

रस्त्यावर थोडं पुढे वरच्या वाडीतल्याच दुकानदाराचं दुमजली घर आहे. शिमग्यात पालखी त्याच्या गॅलरीखालून जाते. गॅलरीतून बायका हात जोडतात, वरून फुलं टाकतात. तिथे कोणी आजवर नळी नेलेली नाही. हे मला चाचा खूण पुसत होते तेव्हा आठवलं नाही. तासणीचा आवाज ऐकताना आठवलं. अशा गोष्टी मला नेहमी उशिरा आठवतात.

जोतं झालं, पाणी मारून झालं, आणि आई म्हणाली मला दाखव. पुन्हा खुर्ची, पुन्हा चौघं. पण या वेळी तिनं पदर ओढला नाही. वर आल्यावर चपला काढल्या आणि जोत्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. मग म्हणाली, बसतंय गो जरा. बसली.

बसली म्हणजे जवळजवळ पडली. जोतं इतकं बुटकं की तिचे गुडघे छातीशी आले. थोडा वेळ ती तशीच बसली, माजघर कुठे, चूल कुठे विचारत. मग उठायला गेली. उठता येईना. एक हात जमिनीला टेकला, दुसरा मला दिला. येईना. चाचा धावत आले. मी एका काखेत, ते दुसऱ्या काखेत. तिच्या तोंडातून हुंदका आला तो दुखण्याचा होता की कशाचा, मला माहीत नाही. समोर आप्पा आपल्या ओटीवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी बघितलं. कातरायचं थांबले नाहीत.

उभी राहिल्यावर आईनं विचारलं, "गो, ह्ये येवढं ठेंगणं कशाला केलंस?"

मी म्हणाले, "चाचांच्या हिशोबात चूक झाली."

चाचा शेजारीच होते. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. तालुक्यात कुणी त्यांच्या भिंतीला केसाएवढाही बाक दाखवलेला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पायात पडलेली दोरी गुंडाळायला लागले.

आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग समोर आप्पांच्या ओटीकडे. तिला सांगावं लागलं नाही. ती या गावात मोठी झालीय, या गावात म्हातारी झालीय.

"तुज्या बापसाला त्यानी आख्खा जल्म खाली उभा ठेवलान," आई म्हणाली. "आता तू मला खाली बसवतंस. मी हितं नाय बसायची."

खुर्चीतून तिला परत खाली नेली. मी वर थांबले. अर्ध्या केलेल्या चिऱ्यांचा चुरा अजून तिथेच पडला होता, लालभडक. मी त्यावर उभी होते आणि मला इतका राग आला होता की काय करावं ते सुचेना. आप्पांचा आला. भावाचा आला. पण सगळ्यात जास्त, एका म्हाताऱ्या गवंड्यावर ज्या सहजतेनं मी खोटं ढकललं, त्या सहजतेचा आला. ज्याला आपल्यासमोर बोलता येत नाही त्याच्यावर ढकलायचं. मी हे कुठे शिकले ते मला पक्कं माहीत आहे. म्हणजे जोतं एकटं खाली गेलेलं नव्हतं. मीही गेले होते.

संध्याकाळी चाचांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोसमोर माफी मागितली. मग खाली आईकडे गेले आणि खरं सांगितलं. तिला खाटेवर बसवलं, टेप काढला आणि तळपायापासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं. ती म्हणाली गुदगुल्या होतात. माप वहीत लिहिलं. तीन थर आणि वर फरशी. बरोबर तेवढंच. मी नकाशात आधी धरलं होतं तेवढंच.

सकाळी चाचांना सांगितलं, अर्धा थर काढा, दोन थर चढवा.

दोन दिवसांत निरोप आला. गावकीनं बोलावलंय, आप्पांच्या अंगणात. मी गेले. आप्पा आणि पाच-सहा जण ओटीवर, सतरंजीवर. मला रस्त्यावरून पायऱ्या उतरून खोल अंगणात उभं राहायची जागा होती. कोणी उभी राहा म्हणालं नाही, पण दुसरी जागाच नव्हती. मी उभी राहिले. आप्पा बोलायला लागले, एकोपा, रीत, आम्ही कधी भेद केला का वगैरे. मी ऐकत होते. आणि माझा हात मानेमागे गेला. मी मान चोळत होते.

हात खाली घेतला.

"आप्पा, मी इथून मान वर करून बोलणार नाही," मी म्हणाले. "बोलायचं असेल तर खाली या. नाहीतर माझ्या जोत्यावर या, तिथे बसायला जागा आहे."

एकानं घसा खाकरला. मी फाटकातून बाहेर आले. रस्ता ओलांडेपर्यंत मला वाटत होतं मागून कोणीतरी हाक मारील आणि मी वळेन. हाक आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मजूर नाहीत. चिऱ्यांचा ट्रक फाट्यावरून परत गेला, ड्रायव्हर म्हणाला मला इथे धंदा करायचाय. पाण्याचा पाइप कोणीतरी कापला. पोलिसांत तक्रार द्यायला गेले तर अर्ज ठेवून घेतला आणि समजुतीनं घ्या म्हणाले. आमच्याच वाडीतला एक जण म्हणाला, तू नोकरीवर जाशील निघून, आम्हाला इथे राहायचंय. त्याला मी काय सांगणार? मलाही इथेच राहायचंय. त्यासाठीच तर घर बांधतेय.

ऑफिसातला सहकारी म्हणाला, आप्पांच्या पायऱ्या रस्त्याच्या हद्दीत आहेत, काढू का प्रकरण? आहेत. मला कधीपासून माहीत आहे. नको म्हटलं. त्यांच्या पायऱ्यांशी मला काही करायचं नाही.

आता रविवारी मी आणि चाचा. ते लावतात, मी आधी येऊन पडलेले चिरे उचलून देते. दिवसाला तीस-चाळीस लावून होतात. कंबर मोडते. दुसरा थर झालाय, तिसरा अर्धा आहे.

गेल्या रविवारी गावकीतला एक जण आला. जरा गोडीत होता. आप्पा एक पाऊल मागं आलेत म्हणाला. चार बोटं खाली नको, बरोबरीत ठेवा. नळी लावू, दोघांचं जोतं एका पाण्यात, मग काय तक्रार? त्याला वाटत होतं मी आनंदानं रडेन. चाचांनी पण हात थांबवून माझ्याकडे बघितलं.

मी त्याला विचारलं, नळीचं पहिलं टोक कुठे धरणार? तो म्हणाला, आप्पांच्या ओटीवर, आणखी कुठे?

"मग नको," मी म्हणाले. "बरोबरीत पण नको. त्यांच्या ओटीवरून माझ्या घराचं माप निघणार नाही. माझ्या आईच्या गुडघ्यावरून निघालंय, ते वहीत लिहिलंय. ते त्यांच्या वर येतंय की खाली, मी बघितलेलं नाही. बघणार पण नाही. जा, सांगा त्यांना."

तो गेला. चाचांनी चुन्याचं घमेलं पुढे ओढलं. मी पुढचा चिरा उचलला.