वाढलेली बांगडी

राणीसावरगावच्या कस्तुराबाई कासारणीच्या हातून बांगडी वाढत नाही, असा पंचक्रोशीत लौकिक होता. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत. फुटणं, तुटणं हे शब्द सवाष्णीच्या मनगटाजवळ आणायचे नसतात, म्हणून बांगडी 'वाढली' म्हणायचं. पण कस्तुराबाईवर तेवढंही म्हणायची वेळ कधी आली नव्हती. समोरच्या बाईचा हात ती साबणाच्या पाण्यानं ओला करायची, अंगठा तळव्यात मिटवायची, बोटांची हाडं कळीसारखी गोळा करायची आणि नेमकं त्याच वेळी काहीतरी चावट बोलायची. बाई खुदकन हसायची. त्या हसण्यात बांगडी हाडावरून पलीकडे गेलेली असायची.

"हासती बाई अन् ओला हात," ती म्हणायची, "काच आपसूक चढती. कोरड्या हाताला देवसुद्धा चुडा भरू शकत न्हाई."

तिचा नवरा काशीनाथ बाजाराच्या दिवशी गंगाखेडला नाहीतर सोनपेठला पाल टाकून बसे. कस्तुराबाई खांद्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन वाड्यावस्त्या धरी. ओट्यावर, गोठ्यात, जात्यापाशी, मिळेल तिथं उकिडवी बसे. धंदा बसण्याचा होता. घरातली सासू, सून, लेक आणि त्या निमित्तानं जमलेल्या शेजारणी, सगळ्यांचे हात होईपर्यंत जागचं हलायचं नाही. हातात हात असला की बायका बोलतात. कुणाला दिवस गेले, कुणाचा नवरा घरी येत नाही, सगळं तिच्या कानात पडे आणि तिथंच राही.

नदीकाठच्या वाडीवर आश्रुबाची बायको सगुणाबाई राहायची, कस्तुराबाईपेक्षा चारदोन वर्षांनी मोठी. एकदा हात भरता भरता ती दोनदा उठून परसात गेली. कस्तुराबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "काय वो सगुणाबाई, मुंग्या चावायल्यात का काय खालून?"

बायका गडाबडा लोळायच्या बाकी राहिल्या. सगुणाबाईही हसली, पण तोंडावर पदर घेऊन. कस्तुराबाईला तो पदर तेव्हा दिसला नाही.

सरकारी सुकडी खाऊन काढलेला दुष्काळ मागं पडला, त्या सुमाराला कस्तुराबाईला कावळा शिवायचा बंद झाला. महिन्याचं बाजूला बसणं सुटलं म्हणून तिनं देवापुढं साखर ठेवली. पुढं वर्षभरानं आग सुरू झाली. लघवीला गेलं की ठेचलेल्या मिरचीचा हात लागल्यागत व्हायचं. उकिडवं बसलं की आतलं कातडं ताणून चरचरायचं, जणू पाऊस न झालेल्या काळ्या रानाची भेग. काशीनाथनं रात्री हात लावला की तिच्या अंगावर काटा यायचा. गुडघे दुखतात असं सांगून तिनं अंथरूण पलीकडच्या भिंतीला नेलं.  काशीनाथ जेवताना तिच्याकडं बघेनासा झाला.

आणि मग ती हात भरताना उठू लागली. एक झाली की दुसरीच्या आधी, कधी तर एकाच हाताच्या मधेच. एका घरची चुणचुणीत सून म्हणाली, "मावशे, मुंग्या चावायल्यात का?"

शब्द तिचेच होते, गावभर फिरून घरी आलेले. कस्तुराबाई हसली आणि तिचा हात आपसूक पदराकडं गेला. तेव्हा तिला सगुणाबाई आठवली. मान खाली घालून तिनं राहिलेल्या बांगड्या भरल्या, पण एकही चावट शब्द तिला सुचला नाही.

उभ्यानं कुणी चुडा भरत नाही. बसणं गेलं की माळा गेल्या, माळा गेल्या की कस्तुराबाई गेली. एवढ्या एका भीतीनं ती गंगाखेडच्या डॉक्टरकडं गेली.

डॉक्टर मनानं भला, पण कायम घाईत. काशीनाथ तिच्या शेजारी उभा होता. दारात सूर्यभान कंपाउंडर गोळ्यांच्या पुड्या बांधत होता आणि त्याच्यामागं बाकावर चार गावची माणसं.

"काय होतंय मावशी?"

काय सांगावं? तिच्यापाशी शब्दच नव्हता. त्या जागेचा जो एक शब्द तिला माहीत होता, तो गावात फक्त पुरुषांच्या शिव्यांमधून ऐकू यायचा. बाईनं तो कधी तोंडातून काढायचा नसतो. फुटलेल्या बांगडीला वाढली म्हणणारी बाई ती. तिनं दोन्ही हात बेंबीवर ठेवले.

"पोट," ती म्हणाली. "पोटात आग व्हायलीय."

डॉक्टरनं पोट दाबलं, जीभ बघितली, पांढरं पातळ औषध दिलं आणि तिखट बंद करायला सांगितलं. कस्तुराबाईनं बिनमिरचीची आमटी खात वर्ष काढलं. आग तिथंच राहिली. दुसऱ्या खेपेला तिनं धीर करून "लघवीला जळतंय" एवढं सांगितलं. डॉक्टरनं इंजेक्शनं दिली, लघवी तपासली. "साखर नाही. पाणी भरपूर पीत जा. वय झालं आता," तो म्हणाला. पाणी वाढलं तसं उठणंही वाढलं. ती दूरच्या वाड्यांना टाळू लागली आणि लोकांना सांगू लागली की गुडघे गेले.

त्यातच डॉक्टरच्या बायकोनं, सुमंगलाबाईनं, तिला घरी बोलावलं. लेकीचं डोहाळजेवण होतं, हिरवा चुडा भरायचा होता. लेकीचा हात झाला. सुमंगलाबाईच्या हाताला मात्र भांडी घासून घासून भेगा पडल्या होत्या. पहिलीच बांगडी हाडावर अडली.

"आई गं! कातडं निघतंय हो मावशी."

"थांबा. पाणी आणा अन् साबण. कोरड्या हाताला जोर लावायचा नसतो."

साबणाचा फेस त्या हातावर चोळता चोळता कस्तुराबाईचं कुठं काय सैल झालं कोण जाणे. मान वर न करता ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई, माझं असंच झालंय. कोरडं पडलंय अन् सोलून निघायलंय. पर हात न्हाई."

 लेकीला सुमंगलाबाईनं कुंकवाचा करंडा आणायला आत पाठवलं.

"कधीपासून?"

"कावळा थांबला तवापासून."

"ह्यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं की. पोट म्हणून."

सुमंगलाबाईच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच विरलं. तीही बाईच होती, आणि कोरड्या हाताची होती.

बायकोनं कानावर घातलं तसं पुढच्या खेपेला डॉक्टरनं काशीनाथला बाहेर बसवलं, तरी तो आणि ती दोघंही टेबलावरच्या काचेकडंच बघत बोलले. डॉक्टर म्हणाला, "पाळी गेली की अंगातला रस कमी होतो, मावशी. त्याच्या गोळ्या असतात." त्यानं गोळ्या लिहून दिल्या. जागा कुणी बघितली नाही, तिनं दाखवली नाही.

गोळ्यांनी आग थोडी निवली. पण छाती ठणकू लागली, पोटऱ्या जड झाल्या, आणि एका सकाळी तिला पुन्हा कावळा शिवला. नातवाला मांडीवर घ्यायच्या वयात ती पाठ फिरवून कोपऱ्यात बसली. सुनेनं तिच्यापुढं ताट सरकवलं आणि तोंड दाबून आत पळाली. संध्याकाळपर्यंत गल्लीत पसरलं. "कासारणीला पालवी फुटली गं बाई!" विहिरीवर कुणीतरी म्हणालं, आणि ते तिला ऐकू यावं अशा बेतानं म्हणालं. इतकी वर्षं बायकांना हसवून बांगड्या भरल्या, आता हसू तिच्यावर भरलं जात होतं. आपण मेलो असतो तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

तरी ती पुन्हा गंगाखेडला गेली. डॉक्टर हे ऐकून गंभीर झाला. गोळ्या तिथल्या तिथं बंद केल्या आणि नर्सबाईला पडद्याआड तिला नीट तपासायला लावलं. कस्तुराबाईनं तेवढा वेळ डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात माळेवरच्या बांगड्यांचे रंग आठवत राहिली. भलतंसलतं काही निघालं नाही. कातडं तेवढं कोरडं, पातळ, सोललेलं होतं.

"मग आता निभावून न्या मावशी," डॉक्टर हात पुसत म्हणाला. "गोळी तुम्हाला सोसत नाही."

उठावं की बसावं हे तिला कळेना. उठली असती तर सगळं संपलं असतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टरसाहेब, हात कोरडा असला तर आमी हाताला साबण लावताव. अख्ख्या बाईला आंघोळ घालत न्हाई."

डॉक्टर आधी थबकला, मग हसला, मग त्याचंच तोंड उतरलं. त्यानं कपाटातून एक जाड पुस्तक काढलं आणि उभ्याउभ्या बराच वेळ पानं उलटली.

"हाय," तो शेवटी म्हणाला. तिच्या बोलण्याची लागण त्यालाही झाली होती. "त्याच औषधाचं मलम आहे. तिथल्या तिथं लावायचं, तेही थोडंसंच. मी कधी कुणाला दिलं नाही. कुणी मागितलं नाही, मी विचारलं नाही. परभणीहून मागवतो. महिन्या-दोन महिन्यांनी दाखवायला यायचं, आणि पुन्हा अंगावर गेलं तर लगेच."

मलम आलं त्या दिवशी बाकावर जागा नव्हती. सूर्यभाननं नळी वर धरून हाळी दिली, "कासारीण मावशी! हे आतून लावायचं हां, झोपताना! तोंडात घालू नका!"

बाकावरची माणसं वळून बघू लागली. त्यात तिच्या गावचाही एकजण होता. कस्तुराबाईनं नळी पदरात घेतली आणि बाहेर पडली, ती स्टँडची वाट सोडून उलट्या दिशेनं चालत राहिली. उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. ती त्या रांगेच्या कडेनं, कुणाचं तोंड दिसू नये म्हणून बैलांकडं बघत बघत गेली.

पण आग गेली. हळूहळू, ओल धरलेल्या जमिनीची भेग बुजावी तशी. ती पुन्हा एका बैठकीत अख्ख्या घराचे हात भरू लागली. अंथरूण जुन्या जागी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या माळा काशीनाथनं स्वतः ओवून ठेवल्या होत्या.

नळी ती बांगड्यांच्या पेटीत तळाला, चिंधीत गुंडाळून ठेवी. कुणाला म्हणून सांगितलं नाही. हातात हात घेऊन बायका तिला आपापलं सांगायच्या, ती हूं हूं करायची. दोघीतिघींचं बोलणं ऐकून तिला आपलंच दुखणं ओळखू आलंही होतं. पण पालवीचा शब्द विहिरीवर अजून ओला होता. ती जीभ आवरून घ्यायची.

मग सगुणाबाईच्या लेकाचं लग्न निघालं. चुड्याच्या दिवशी ओटा बायकांनी भरून गेला. वरमाय म्हणून पहिला मान सगुणाबाईचा. कस्तुराबाईनं तिचा हात हातात घेतला. तो वाळलेल्या शेंगेसारखा झाला होता. हात भरेपर्यंत सगुणाबाई एकदा उठली, परत आली, ओठ दाबून बसली. कस्तुराबाईनं तिचा हात पुन्हा साबणानं ओला केला. मनगटं हिरवीगार झाली, सगुणाबाईनं रीतीप्रमाणं तिला नमस्कार केला आणि पुन्हा परसाकडं निघाली.

"वरमायला मुंग्या चावायल्यात!" मागून कुणीतरी ओरडलं. तो कस्तुराबाईचाच जुना विनोद वाडीनं इतकी वर्षं जपून ठेवला होता.

"हसू नका गं," सगुणाबाईची जाऊ म्हणाली. "पोटाचं दुखणं हाय तिला. सोनपेठच्या डॉक्टरचं पांढरं औषध चालू हाय. तिखट बी सोडलंय."

कस्तुराबाईच्या हातातली माळ खाली आली.

"सगुणाबाई," तिनं हाक मारली. "हिकडं या जरा. डाव्या हातातली एक तिरपी बसलीय."

सगुणाबाई आली. कस्तुराबाईनं तिचा हात धरला, ती बांगडी अंगठ्याखाली घेतली आणि दाबली. कट्ट आवाज झाला. हिरवी काच तिच्याच बोटात रुतली आणि तुकडे ओट्यावर पडले.

 लग्नाच्या चुड्यात, वरमायच्या मनगटावर!

"अगं बया! वाढली!" जाऊ किंचाळली. "कस्तुराबाई, तुमचा हात गेला का काय? आजच्या दिवशी हे काय केलंत?"

"चुकलं माय," कस्तुराबाई म्हणाली. ती ओट्यावरचे तुकडे गोळा करू लागली. "असं झालं की दुसरी चारचौघीत भरायची नसती. कासाराचा नेम हाय. आत चला."

असा कुठलाच नेम नव्हता. कणगीमागच्या अंधारात दोघी समोरासमोर बसल्या. बाहेर म्हाताऱ्यांची कुजबुज चालली होती. कस्तुराबाईनं साबणाचा हात सगुणाबाईच्या हातावर फिरवला.

"सोनपेठला न्हाई, गंगाखेडला चला माझ्यासंगं," ती कानाशी म्हणाली. "पोट म्हणू नका. पोट म्हणलं की पोटाचंच औषध देत्यात. मी वर्षभर पिलेय." आणि मग पुरुषांच्या शिव्यांतला तो शब्द ती सगुणाबाईच्या कानात हळू बोलली, शिवी नसल्यासारखा.

सगुणाबाईनं हात झटकला नाही. दुसऱ्या हातानं पदर तोंडावर घेतला. पदराआड ती हसते आहे की रडते आहे, हे कस्तुराबाईनं बघितलं नाही. नवी बांगडी तिनं जपून, न बोलता चढवली.

त्या वाडीनं पुढं लग्नाचे चुडे सोनपेठच्या दुसऱ्या कासाराकडून भरून घेतले. सगुणाबाई मात्र लग्न पार पडल्यावर एसटीनं गंगाखेडला गेली. तिच्याशेजारी खिडकीकडं तोंड करून कस्तुराबाई बसली होती.

बातमी काशीनाथला बाजारात कळली. घरी येऊन त्यानं पालाची दोरी खुंटीला टांगली आणि म्हणाला, "वाढली म्हणं तुझ्या हातून?"

कस्तुराबाई चुलीपुढं बसली होती. बोटाला चिंधी होती.

"वाढली न्हाई वो," ती म्हणाली. "फोडली." आणि तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.