उजव्या पायाची पट्टी

मेडशीच्या फाट्यावर एस.टी.तून उतरून तुरी-कपाशीच्या वावरांमधून दीड कोस चाललं, की हिवरदरा लागायचं. गाव सव्वाशे घरांचं. त्यात शिवणाचं मशीन एकच, आणि ते जानरावचं. त्याचा बाप गावकीचं काम करत असे. छप्पन साली घरानं धम्म घेतला आणि ते काम सोडलं. विशीतला जानराव वाशीमला एका टेलरकडे जाऊन राहिला. तीन वर्षं काजं-बटणं करत कापणं शिकला आणि जुनं मशीन बैलगाडीत घालून गावी परतला. त्याची मुलगी गंगू त्याच छप्पन सालची. बाप मशीनवर बसला की ती खाली बसून चिंध्या निवडत असे.

जानराव टापटिपीचा माणूस होता. कातर एका ठरलेल्या खिळ्यावर, खडू डबीत, टेप कातरीच्या शेजारी. मापांची वही होती, तीत तारीख, नाव आणि आकडे. बायांची मापं घेण्याची रीतही त्याची स्वतःची होती. तो भिंतीकडे तोंड करून बसे आणि त्याची बायको तुळसाबाई माप घेई. तिला आकडे वाचता येत नव्हते. म्हणून जिथं माप संपेल तिथं ती टेप चिमटीत धरी, आणि चिमूट न सोडता तशीच त्याच्यासमोर आणून धरी. तो आकडा लिहून घेई. या चिमटीत बारा वर्षांत चूक झाली नव्हती.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरपासून बेलबॉटमचं वेड गावात आलं. वाशीमच्या कॉलेजात जाणारा जगदेव पहिला. गुडघ्यापर्यंत तंग आणि खाली सव्वीस इंचांचा घेर, अशी त्याची मागणी. महिन्याभरात ती पँट परत आली. उजव्या पायाचा घेर सायकलच्या साखळीत चावला जाऊन त्याची लक्तरं झाली होती, वर काळं तेल. जानरावनं जोड देऊन शिवली. ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तो म्हणाला, "एक तं सायकल विक, नाही तं पँट. दोघाईचं जमून नाही राह्यलं."

"काका, सायकल विकली तं पँट दाखवू कोणाले?" जगदेव म्हणाला आणि त्यानं पायाला सुतळी बांधायला सुरुवात केली.

पंच्याहत्तर साली पोळ्याच्या आधीच्या मंगळवारी गंगू गेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहाटे कळा सुरू झाल्या. दाई म्हणाली, हे माझ्या हातचं नाही, नर्सबाईला बोलवा. नर्सबाई दोन कोसांवरच्या गावी राहत असे. बारा वाजता निरोप पोचला. ती दीड वाजता आली, पायी, सायकलशिवाय. पांढरं पातळ एका अंगानं गुडघ्यापर्यंत फाटलेलं आणि गुडघा फुटलेला. गंगू एक वाजताच संपली होती. मूल पोटातच राहिलं.

"साखळीत पातळ अडकलं," नर्सबाई म्हणाली. तिला कोणी काही बोललं नाही. जानरावनं ठाणातलं पांढरं कापड काढलं, मापून फाडलं आणि गंगूवर घालायला दिलं.

त्यानंतर त्याचं काम थांबलं नाही. उलट पोळ्याचे सगळे कपडे त्यानं वेळेवर दिले. लोक म्हणाले, जानराव धीराचा. पण तो धीर नव्हता. बोटाला सुई टोचली तर रक्त दिसल्यावर त्याला कळे. गंगूचं नाव कोणी घेतलं तर तो ऐकून घेई, जसं दुसऱ्या गावच्या कोणाचं ऐकावं. एकदा तुळसाबाई भाजीत मीठ घालायचं विसरली. दोघंही जेवून उठले. भांडी घासताना तिच्या ते लक्षात आलं. तिनं त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "असन."

मार्गशीर्षातल्या एका दुपारी नर्सबाई त्याच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. तिचं नाव विजयमाला, माहेर मंगरूळपीरचं, वय तिशीच्या आत. काखेत पांढऱ्या टेरिकॉटची घडी होती.

"जानरावभाऊ, विजार शिवाची हाये."

"कोणाची?"

"माही."

जानरावनं मशीन थांबवलं. शेजारच्या ओट्यावर केशरबाई तूर पाखडत होती, तिचं सूप थांबलं.

"डॉक्टरसाहेबाले पुसलं," विजयमाला म्हणाली. "पांढरं असलं म्हंजे झालं, म्हणे. नाडीची पाह्यजे. बाळंतिणीजवळ उकिडवं बसा लागते, तं वर मोकळी. वरून गुडघ्यापर्यंत झब्बा घालीन, ओढणी आडवी घेऊन पिनेनं लावीन. पण खाली तंग नको. तंग घातली तं माणसं पायाकडे पाह्यतेत अन् बाया तोंडाकडे. खाली चांगला घेर द्या, जगदेवच्या पँटीले हाये तसा. म्हंजे लांबून परकरावानी दिसन."

"व माय," केशरबाई म्हणाली. "आता नर्सबाई बी हिरो."

"हिरो तं हिरो, मावशी. पातळावर सायकल नाही चालत." एवढं बोलून विजयमालाला आपण काय बोललो ते कळलं. केशरबाई सूप घेऊन आत गेली.

जानराव भिंतीकडे तोंड करून बसला. तुळसाबाई आली. गंगू गेल्यापासून ती नर्सबाईशी बोलली नव्हती, आताही बोलली नाही. तिनं कमर मोजली, बैठक मोजली, लांबी मोजली आणि प्रत्येक वेळी चिमूट आणून धरली. जानरावनं आकडे लिहिले. खालच्या घेरासाठी माप लागत नाही. त्यानं स्वतःच्या मनानं चोवीस लिहिलं.

चोवीस लिहिताना त्याला जगदेवची पँट आठवली. तीन वेळा फाटलेला उजवा पाय डोळ्यांसमोर आला, त्यावरच्या तेलासकट. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बाई, हा घेर बी अडकन. पण ते वाक्य तोंडापर्यंत आलंच नाही. विजयमाला कापड ठेवून गेली. त्यानं ते पसरलं, खडूनं आखलं, कापलं. पांढरं कापड होतं. हात सरळ चालला.

चार दिवसांनी ती विजार घेऊन गेली. त्यानं घडी घालून दिली, नाडी ओवून दिली, आणि काहीच सांगितलं नाही.

गावानं आठ दिवस गंमत पाहिली. झब्बा, आडवी ओढणी, खाली घोळदार विजार आणि हँडलला अडकवलेली औषधांची पेटी. पोरं सायकलमागे पळाली, म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. नवव्या दिवसापासून कोणी पाहिनासं झालं. बाया उलट पुसू लागल्या, की बसायला-उठायला बरं पडते का, पाय उघडे पडत नाहीत ना. विजयमाला म्हणे, "घरात असल्यावानी वाटते. उतरल्यावर निऱ्या सावराचं काम नाही." एवढंच नव्हे, पंधरा दिवसांनी केशरबाईनंच जानरावला हळूच विचारलं, वावरात निंदायला जाताना लुगड्याखाली असं काही घालता येईल का.

केशरबाईला नर्सबाईची गरज होती. तिची सून भागिरथा पोटुशी होती. फाल्गुनात दिवस भरणार होते, आणि दाईनं आत्ताच सांगितलं होतं की पोर आडवं वाटतं. केशरबाई रोज ओट्यावर बसून वाटेकडे बघे, जणू फाल्गुन त्याच वाटेनं येणार होता. जानरावच्या मशीनसमोरून तीच वाट जात होती. नर्सबाईची सायकल आली की त्याची नजर आपोआप उजव्या पायाकडे जाई. घेर साखळीच्या दातांना चाटून वर येई आणि पुन्हा खाली जाई. तो मशीन चालवत राही.

पौष सरत आला तेव्हा ती एका सकाळी ओट्यापाशी आली. सायकल हातानं ढकलत आणली होती. विजारीच्या उजव्या पायाला वीतभर काळा पट्टा आणि दोन ठिकाणी फाटलेलं.

"थोडी घासली," ती म्हणाली. "पडली नाही मी. तेवढी शिवून द्या. बदली विजार घरी नाही, इथंच उभी राहते. घालूनच हाये, तं वरच्यावर टाके मारा."

जानरावनं त्या काळ्या पट्ट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "शिवतानाच मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"अडकन म्हणून. जगदेवची तीनदा अडकली."

विजयमालानं सायकल भिंतीला टेकवली. "मंग काहून नाही सांगतलं?"

"तोंडातून निघालं नाही."

"राग होता माह्यावर?"

जानरावनं खरंच विचार केला. कोटाचे खिसे चाचपावेत तसं मन चाचपून पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "राग असता तं बरं झालं असतं. काहीच नव्हतं."

ती ओट्याच्या कडेवर बसली. मग आवाज न बदलता बोलू लागली, रजिस्टरमधलं वाचून दाखवावं तशी.

"मी बी एक सांगतलं नाही. त्या दिवशी पातळ अडकलं ना, तं मी ते ओढत बसली. अर्धा घंटा. चाक मागं फिरवलं, पुढं फिरवलं. नवं पातळ होतं, फाटू नये असं वाटे. पेटीत कातर होती, नाळ कापाची. ते माहीत असून ओढत बसली. कापाचं मनात आलंच नाही. शेवटी फाडलं, सायकल तिथंच टाकली अन् पळत आली. आल्यावर म्हटलं, साखळीत अडकलं. तेवढंच म्हटलं."

एक वाजता आणि दीड वाजता. जानरावला दोन्ही आकडे पाठ होते. ते त्यानं शेजारी-शेजारी ठेवले. मध्ये अर्धा तास होता. त्याला वाटलं, आता काही तरी होईल, छातीत किंवा डोक्यात. काही झालं नाही. मग त्याला एवढंच सुचलं, की नवं कापड पटकन कापवत नाही. त्याच्याही हातानं कापवत नाही. वाशीमला पहिल्या वर्षी नव्या ठाणावर कातर धरून तो किती वेळ उभा राहिला होता, ते त्याला आठवलं.

घराच्या दारातून तुळसाबाई बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं खिळ्यावरची टेप काढली आणि ती नर्सबाईपाशी गेली.

"कोठून अडकते?" तिनं विचारलं. पाच महिन्यांत ती तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द. "बसा सायकलीवर. पाय ठेवा."

विजयमाला भिंतीला धरून सायकलीवर बसली. तुळसाबाईनं खाली वाकून टाचेपासून वरपर्यंत मोजलं, साखळीचं वरचं अंग पायाला जिथं लागतं तिथपर्यंत. मग पोटरीभोवती टेप फिरवली. दोन्ही वेळा चिमूट धरून जानरावसमोर आणली. त्यानं भिंतीकडे तोंड करून ती वाचली. नऊ. तेरा.

दुपारपर्यंत काम झालं. तोवर विजयमाला तुळसाबाईचं लुगडं नेसून आत बसली होती. जानरावनं फाटलेलं आतून जोडलं. मग उजव्या पायाच्या मागच्या शिवणीत एक दुहेरी पट्टी बसवली, चार बोटं लांब, टोकाला काज. पुढं बाहेरच्या अंगाला बटण. सायकलवर बसताना घेर मागून दुमडायचा, पट्टी ओढून बटण लावायचं, की पाय पोटरीला चिकटून राही. उतरल्यावर बटण सोडलं की पुन्हा पहिल्यासारखा घेर.

"दुसऱ्या पायाले नको?" विजयमालानं विचारलं.

"साखळी एकाच अंगानं असते."

तिनं बटण लावून पाहिलं, दोनदा सोडलं, दोनदा लावलं. काळा पट्टा मात्र धुऊनही पुरता गेला नाही.

फाल्गुनात, होळीच्या चार दिवस आधी, सकाळी नऊच्या सुमाराला भागिरथेच्या कळा सुरू झाल्या. केशरबाईचा मुलगा निरोप घेऊन पळाला. जानराव मशीनवर बसला होता, पायजम्याची शिवण घालत. ती शिवण त्यानं घातली, उसवली आणि पुन्हा घातली. तुळसाबाई दारातल्या दारात ज्वारी निवडत होती. निवडलेलीच परत निवडत होती.

साडेदहाच्या आत वळणावर सायकल दिसली. विजयमाला उतरली, सायकल केशरबाईच्या भिंतीवर टाकली, पेटी काढली आणि पळतच आत गेली. डावा पाय घोळदार, उजवा पाय तसाच बटण लावलेला. सोडायला वेळ नव्हता.

आतून आवाज येत राहिले. मग बराच वेळ आले नाहीत. मग एक वेगळा आवाज आला, बारीक आणि चिडका.

थोड्या वेळानं केशरबाई ओट्यावर आली. "नात झाली, जानराव," ती म्हणाली. "पायाळू व्हय. नर्सबाईनं कशी काढली ते तिलेच माहीत. म्हणे अर्धा घंटा उशीर झाला असता तं..." ती तिथंच थांबली. पदरानं तोंड पुसून आत गेली.

"बरं झालं," जानराव म्हणाला, ती आत गेल्यावर.

बाराच्या सुमाराला विजयमाला बाहेर आली. सायकल उचलताना तिचं पायाकडे लक्ष गेलं. बटण लावायला वाकली, तर ते लावलेलंच होतं. तिनं वर पाहिलं. जानराव बघत होता.

"काज सैल झालं असन तं आणा," तो म्हणाला.

"नाही भाऊ. घट्ट हाये." ती सायकलवर बसून गेली.

तुळसाबाईनं हाक मारली, तसा तो जेवायला उठला. भाकर आणि तुरीच्या डाळीचं वरण होतं. त्यानं पहिला घास घेतला, चावला आणि थांबला.

"मीठ कमी हाये," तो म्हणाला.

तुळसाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. ती उठली, मिठाचं गाडगं आणून त्याच्यासमोर ठेवलं, आणि चिमूटभर आपल्याही ताटात घेतलं.