मोठ्यानं विचार करणारा वर्ग

माझी आत्या शाळेत शिवण शिकवायची. वेळापत्रकातून शिवणाचा तास गेला आणि तिच्या वाट्याला कॉम्प्युटर आला. कारण एवढंच, की कॉम्प्युटरची खोली शिवणाच्या खोलीला लागून होती आणि दोन्हींची किल्ली तिच्याकडे असायची. "किल्ली हिच्याकडे म्हणजे अक्कलही हिच्याकडेच असणार, असा हिशोब झाला," असं ती अजून हसत सांगते. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. पहिल्या दिवशी तिनं माउस इस्त्रीसारखा दाबून फिरवला होता.

पण शिकवायला लागली ती आपल्या पद्धतीनं. चुकलं की मागे कसं जायचं हे सांगताना म्हणायची, "उसवायला लाज कसली? वाकडी शिलाई मिरवण्यापेक्षा उसवलेली बरी."

चालणारी यंत्रं मुलांच्या निम्मी. म्हणून प्रत्येक यंत्रापुढे दोन खुर्च्या. एकीतला 'हात', दुसरीतला 'तोंड'. तोंड सांगेल तेवढंच हातानं करायचं, आणि तोंडानं नुसता हुकूम सोडायचा नाही, कारणही सांगायचं. मधल्या घंटेला अदलाबदल. पडद्यावर एखादी बातमी किंवा सूचना आली, की आधी तोंडानं विचारायचं: कोण म्हणतंय? त्याला कसं ठाऊक? मी खरं मानलं तर फायदा कुणाचा? तोवर हात मांडीवर.

यंदा सगळ्या शाळांना डिजिटल साक्षरतेचे निकष आले. सातवीच्या मुलाला माहिती शोधता यावी, खरं-खोटं पारखता यावं, स्वतःची खाजगी माहिती सांभाळता यावी. आत्यानं मला लगेच फोन केला. "अगं, हे तर आपण करतोच की!" मग शेवटचं पान वाचता वाचता तिचा आवाज उतरला. परीक्षा एकेकट्यानं द्यायची होती. आणि ज्या शाळेची निम्मी मुलंही निकषात बसणार नाहीत, तिथली यंत्रं मोठ्या शाळेत हलवायची होती.

रजा टाकून मी बंद पडलेली यंत्रं नीट करायला गेले, आणि प्रत्येकापुरतं एक यंत्र झालं. सरावासाठी आत्यानं मुलांना एकेकटं बसवलं, आणि वर्गाचा पुतळा झाला. हात कीबोर्डवर, पण हलेनात. वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी, जिला सगळे 'रेडिओ' म्हणतात, तीसुद्धा गप्प.

"बाई, शेजारी कुणी नाही. सांगू कुणाला?" शेवटी तीच म्हणाली.

मुख्याध्यापक दारातच उभे होते. "मी म्हटलं होतं बाई, जोडीजोडीनं परीक्षा होत नसते."

"सर, पोहायला शिकवताना हात धरतातच की."

"धरतात. पण सोडतातही."

आत्यानं रेडिओशेजारची रिकामी खुर्ची बाजूला सरकवली. मग म्हणाली, "रेडिओ, तुझं तोंड काय जोडीदार घरी घेऊन गेला? स्वतःलाच सांग. मोठ्यानं." मुलं हसली, आणि मग खरंच पुटपुटायला लागली. हात हलले.

परीक्षेच्या दिवशी तपासणीला एक मॅडम आल्या. आधीच्या शाळा करून दमलेल्या, पण बोलायला गोड. परीक्षा सुरू झाली आणि खोलीत मधमाश्यांचं मोहोळ उठावं तशी गुणगुण उठली.

"शांतता! परीक्षा आहे ही."

वर्ग चिडीचूप झाला. हातही थांबले. वेळ तर पळतच होता. आत्या पुढे झाली.

"मॅडम, ही मुलं एकमेकांशी नाही, स्वतःशी बोलतायत. मीच तसं शिकवलंय."

"बाई, नियमात बसत नाही हो."

"दुसऱ्याची मदत बसत नाही. बोलणं बसत नाही असं कुठं लिहिलंय? तुम्ही कुणाच्याही मागे उभ्या राहा. एकानं जरी दुसऱ्याला उत्तर सांगितलं, तर परीक्षा मी स्वतः बंद करते आणि यंत्रं तुमच्या गाडीत चढवून देते."

मॅडमनी मुलांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "अंतर ठेवून बसवा त्यांना. आणि हळू आवाजात. मी फिरत राहणार."

शेवटच्या प्रश्नात एक सूचना होती: शाळा बंद होणार आहे, दुसऱ्या शाळेत नाव नोंदवायला आईचा फोन नंबर आणि पासवर्ड भरा. मॅडम रेडिओच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"कोण म्हणतंय? शाळेचं नाव आहे, माणसाचं नाही. कसं ठाऊक? ते लिहिलंच नाही. आणि आईचा पासवर्ड घेऊन शाळा काय करणार? तो आईलाच आठवत नाही."

मॅडमना हसू आवरेना. पलीकडच्या मुलानं नंबर अर्धा भरला होता. "थांब. हा कुणाकडे जाणार? उसव, उसव, उसव," म्हणत त्यानं एकेक आकडा पुसला. मॅडम त्याच्यामागेही बराच वेळ थांबल्या.

दुपारीच निकाल कळला. टायपिंगमध्ये काही मुलं मागे पडली, दोघांना आपली फाइल कुठं ठेवली तेच सापडलं नाही. पण बहुतेक सगळी निकषात बसली. यंत्रं राहणार होती.

"निकषांत एक ओळ आहे," मॅडम सही करताना म्हणाल्या. "विद्यार्थ्याला आपल्या निर्णयाचं कारण सांगता यावं. ती कशी तपासायची, हे आम्हालाच उमगत नव्हतं. आज ती मला ऐकू आली. आमच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे शिकवायला याल?"

नेहमीची आत्या असती तर 'अहो, मी कसली' म्हणाली असती. ती म्हणाली, "येईन. टायपिंगचंही बघतेच आता."

मुलं व्हरांड्यात ताटकळली होती. आत्या बाहेर येताच सगळ्यांनी गराडा घातला. "बाई, राहिली? यंत्रं राहिली?"

"राहिली," आत्या म्हणाली. "तुमच्यामुळे राहिली."

मग पदर खोचून, जरा ताठ होत, म्हणाली, "आणि माझ्यामुळेही."