आठ फूट हसू

परवा वर्तमानपत्रात वाचलं की आफ्रिकेतला एक देश स्वतंत्र झाला आणि आता त्याला घाना म्हणायचं. त्याचं जुनं नाव गोल्ड कोस्ट. हे नाव मी नाशकात, तिसाव्या सालानंतरच्या दोन-तीन वर्षांत, माझ्या हाताने एका वहीत लिहिलं होतं: ‘उंच, काटक, वय अंदाजे पस्तीस, राहणार गोल्ड कोस्ट. कामे: राक्षस, पहारेकरी, गुलाम, समुद्री चाचा.’ बातमी वाचून झाल्यावर मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. त्या माणसाची एक वस्तू अजून माझ्याकडे आहे. ती कशी राहिली, ते एकदा नीट लिहून ठेवायला हवं.

मी तेव्हा मूकपट काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत सामानाच्या आणि कच्च्या फिल्मच्या वह्या सांभाळत होतो. गावाबाहेर एक बंगला, मागे मोठं अंगण, तेच आमचं चित्रशाळेचं आवार. मुंबईत बोलपट सुरू झाले होते आणि आमचे मालक ‘हे खूळ वर्षभरात उतरेल’ असं म्हणत दिवस काढत होते. अशा दिवसांत प्रत्येक जण दुसऱ्यावर नजर ठेवून असतो. कोण मुंबईला पत्रं लिहितो, कोणाकडे कोण येऊन गेलं, याची मी मनात वेगळी यादी ठेवी. तलवारी, दाढ्या, मुकुट रोज संध्याकाळी मोजून घेई. फिल्म परदेशातून यायची, म्हणून तिचा तर फूट न् फूट लिही.

तो माणूस आमच्याकडे कसा आला, ते त्यानेच सांगितलेलं. समुद्रकाठच्या गावात जन्म, मिशनच्या शाळेत शिक्षण. शाळेच्या समारंभात मास्तरांच्या नकला करून हशा पिकवायचा. पुढे बोटीवर स्वयंपाक्याच्या हाताखाली लागला. मुंबईत तापाने आजारी पडला, बोट त्याला इस्पितळात टाकून निघून गेली. बरा झाल्यावर एका थिएटराच्या दारावर उभा राहायचा, तिथे मालकांनी त्याची उंची पाहिली आणि नाशकाला आणलं. तेव्हापासून तो प्रत्येक चित्रपटात मरत होता. मला या हकिगतीतलं काहीच खरं वाटत नसे. मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस राक्षस होऊन का पडेल?

त्याची आणखी एक गोष्ट मला खटकायची. मरताना तो नेमका तोंड कॅमेऱ्याकडून फिरवायचा. पोलिसांना चुकवणारा असावा, असं मी धरून चाललो. एकदा सरळ विचारलं.

“यादीवाले भाऊ,” तो म्हणाला, “तोंड दिसलं तर पुढच्या रिळात दुसरी दाढी लावून कसा येऊ? एका पिक्चरमध्ये दोन वेळा मरतो मी.”

उत्तर पटण्यासारखं होतं. म्हणून मला ते जास्तच संशयास्पद वाटलं.

आता आमच्या कंपनीची एक रीत सांगायला हवी. नट मेला, की त्याला तसाच सोडायचा नाही. कॅमेऱ्याचं हँडल थांबवायचं नाही. मेलेल्याने उठायचं, कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, मग थांबायचं. नाही तर अपशकुन, असं मालकीणबाईंचं म्हणणं. फिल्म कापण्या-जोडण्याचं सगळं काम त्या करत, त्यामुळे त्यांचा शब्द चाले. मी वहीत तसं लिही: ‘हसू, तीन फूट.’ आमच्याकडे नायक मरत नसे, म्हणून ही रीत त्या गोल्ड कोस्टवाल्याच्याच वाट्याला यायची. कापलेलं हसू रद्दीच्या डब्यात जाई आणि डबा भरला की फिल्म वितळवून बांगड्या करणारा येऊन तो घेऊन जाई.

एक हसू मात्र आठ फुटांचं होतं. हरसूलच्या बाजूला डोंगरात शूटिंग होतं. तो पहारेकरी होऊन पडला होता, तेवढ्यात गावातली एक काळी शेळी आली आणि त्याचं तोंड चाटू लागली. तो हलला नाही. शेळीने दाढी धरून ओढली, दाढी निघाली, ती खायला लागली. मग मेलेला पहारेकरी सावकाश उठला, शेळीला कडक सलाम ठोकला आणि आपला भाला तिच्यासमोर ठेवून शरण गेला. आमची सगळी माणसं पोट धरून खाली बसली. कॅमेरावाले इतके हसले, की हँडल थांबवायचं विसरले. मी ‘आठ फूट, वाया’ असं लिहिलं. दाढीही खर्ची टाकली.

त्यानंतर महिनाभराने मी डबा तपासला. रद्दी होती, पण हसू एकही नव्हतं. चौदा मरणांचं, वहीप्रमाणे सत्तेचाळीस फूट.

मी लक्ष ठेवू लागलो. त्याच्या बोटांना पिकल्या केळ्यांचा वास यायचा आणि केळी खाताना तो कधी दिसला नाही. फिल्म जोडायच्या मसाल्याला तोच वास असतो. दुपारी तो विहिरीमागे उभा राहून काहीतरी उजेडाकडे धरून बघे आणि मी दिसलो की खिशात घाली. मग एकदा जोडकामाच्या खोलीच्या खिडकीत वाळत ठेवलेली फीत मला सापडली. उजेडात धरली: पांढरी शेळी, गोरा पहारेकरी, काळे दात. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. तेच आठ फूट. मी गुंडाळी दाबून चपटी केली, वहीच्या पानांत ठेवली आणि वर ‘पुरावा’ लिहिलं. हा दुसऱ्या कंपनीला आमचं काम दाखवतो आहे, याबद्दल मला आता शंका उरली नव्हती.

एका सकाळी अंगणात सगळे चहाला जमले असताना मी मालकांसमोर उभा राहिलो.

“मालक, फिल्मची चोरी होतेय.”

“कोणती फिल्म?”

“हसू. सत्तेचाळीस फूट.”

“हसू कोण चोरतंय रे?” मालक म्हणाले. “माझं तर कधीचंच गेलंय.”

मी त्या गोल्ड कोस्टवाल्याची ट्रंक बाहेर आणायला लावली. त्याला विचारलंही नाही. कपड्यांखाली बिस्किटांचा डबा होता. पुरावा शेवटी काढायचा, असा माझा बेत होता.

“भाऊ, धूप में मत खोलो,” तो पुढे आला. “जळेल ते.”

तेवढ्यात मालकीणबाई कात्री हातात घेऊनच बाहेर आल्या.

“अरे, ते मी दिलंय त्याला! मसालाही मीच दिला. तुझ्या वहीला विचारायचं राहिलं बघ.”

सगळे हसले. त्यांनी मग मालकांना सांगितलं, “दुपारी मुंबईचे दिग्दर्शक यायचेत ना? त्यांना बोलपटात विनोदी नोकर हवाय. हा म्हणाला, बाई, मी हसवतो हे दाखवायला माझ्याकडे काही नाही, सगळीकडे मी मेलेलाच. मग म्हटलं, घे तुझं हसू जोडून.”

तो डबा घेऊन सावलीत बसला आणि फीत बोटांतून सरकवत मोजू लागला. “राक्षस. चाचा. गुलाम. पुन्हा राक्षस.” शेवटी थांबला. “तेरा. शेळी अजून नाही सापडली.”

खिडकीतून ती फीत नाहीशी झाल्यापासून तो ती शोधत होता, हे मला तेव्हा कळलं. वही माझ्या काखेत होती. मी तोंड उघडलं.

“बघा,” मालक म्हणाले, “आमच्या फौजदारांना मुद्देमाल पण पुरा सापडत नाही!”

पुन्हा हशा झाला. मी तोंड मिटलं. आत्ता फीत काढली असती, तर चोर म्हणून माझ्याकडे बोट गेलं असतं.

तो माझ्याजवळ आला. “भाऊ, तुमची पेटी बघू?”

मी पेटी उघडून दिली. त्याने एकेक वस्तू उचलली, पुन्हा जागेवर ठेवली. मग त्याची नजर माझ्या काखेकडे गेली. मी आजवर त्याच्याकडे जसं बघत आलो होतो, तसंच तो बघत होता.

“यात फक्त आकडे आहेत,” मी म्हणालो. त्याने विचारलं नव्हतं.

“ठीक,” तो म्हणाला.

दुपारी दिग्दर्शक आले. खिडकीच्या उजेडात त्यांनी फीत शेवटपर्यंत पाहिली.

“हसतो छान. पण हसणारे पुष्कळ आहेत माझ्याकडे. हसवतो का?”

“एक शेळीचं आहे,” तो म्हणाला. “सगळे हसले होते.”

“कुठंय?”

“हरवलं.”

मग तो तिथेच फरशीवर आडवा झाला आणि शेळीशिवाय शेळी करून दाखवू लागला. दाढी नव्हती, भाला नव्हता. कोणी हसलं नाही. दिग्दर्शकांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “उठा, उठा. दरवानाचं काम आहे. उंची चांगली आहे तुमची.” मी दारातच उभा होतो. दहा पावलं गेलो असतो, वही उघडली असती, तर झालं असतं. मी उभाच राहिलो.

आठवड्याने तो मुंबईला गेला. निघताना ट्रंकेतल्या सामानाची यादी करून त्याने माझी सही घेतली.

पुढे त्याचा तो बोलपट नाशकात लागला तेव्हा मी गेलो. हातात भाला घेऊन तो दारावर उभा होता. त्याला बोलायला एक शब्द नव्हता. मध्यंतराआधी तलवार लागून पडला आणि पडताना त्याने तोंड फिरवलं. मी सावरून बसलो. मध्यंतरानंतर पडद्यावर आलेली प्रत्येक दाढी निरखून पाहिली. तो कुठल्याच दाढीत नव्हता.

पेटीतली फीत आता चिकट झाली आहे. उलगडायला गेलं तर तुटते. वही जुनी आहे, पण शाई ठीक आहे. ‘पुरावा’ हा शब्द मी आज खोडला आणि खाली त्याचं नाव लिहिलं. पत्ता माहीत नाही, ती जागा कोरी ठेवली आहे.